चोवीस पानांची पंगत

गुरुदत्त सर पुढच्या टोकाने विसरत चालले आहेत हे पहिल्यांदा कळलं ते मालनला. घरात मुलगी एम.एस्सी. झालेली, नात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, बायको मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली, पण तिघींपैकी एकीच्याही ते ध्यानात आलं नव्हतं. मालन मानपाड्याहून सकाळी साडेसातला यायची, सरांची आंघोळ आणि चहा बघायची आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजचा आकडा लिहायची. एके दिवशी पेन्सिल अंबाड्यात खोचत ती सरांच्या मुलीला, देवयानीला म्हणाली, "ताय, सर शेवटचा नाय इसरत. पयला इसरतान. येकेक करून."

देवयानी लॅपटॉपसमोर बसून मीटिंग सुरू व्हायची वाट बघत होती. ती नुसतं "हं" म्हणाली. मालनला या घरात असल्या हुंकारांची सवय होती, तिने कप उचलले आणि ती आत गेली.

रोजच्या त्या आकड्याची गोष्ट अशी. दोन वर्षांपूर्वी ठाण्याच्या डॉक्टरांनी सरांना डिमेन्शिया असल्याचं सांगितलं, तेव्हा विचारलं होतं, "सर, तुम्हाला पाठ काय काय आहे?" दुसरा कुणी असता तर त्याने रामरक्षा म्हटली असती. सरांनी डोळे मिटले, उजवा हात टेबलावर डावीकडून उजवीकडे थोडा थोडा सरकवला आणि एकामागून एक चोवीस अंक म्हणून दाखवले. ३५७६८६३१२६४६२१६५६७६२९१३७. डॉक्टरांनी ते कागदावर उतरवून घेतले, दुसऱ्यांदा म्हणायला लावले, दोन्ही वेळा एकच आले. "रोज सकाळी म्हणून घ्या," ते म्हणाले, "आणि किती अंक येतात ते लिहून ठेवा. आजार किती पुढे सरकलाय ते कळेल."

ही संख्या सरांची लाडकी होती. डोंबिवलीतल्या एका शाळेत छत्तीस वर्षं गणित शिकवलेला माणूस, निवृत्तीनंतर कुठल्याशा मासिकात त्याला ती भेटली आणि त्याने ती घरातच आणून बसवली. मूळ संख्या म्हणजे जिला एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही, एवढं आपण सगळेच शाळेत शिकून विसरलेलो असतो. ही चोवीस अंकी संख्या मूळ आहे. तिचा डावीकडचा तीन खोडला तर उरलेली तेवीस अंकी संख्याही मूळ. मग पाच खोडला तरी मूळच. असं एकेक खोडत शेवटच्या सातापर्यंत आलं तरी मध्ये कुठेही भाग जात नाही. या जातीच्या संख्यांमध्ये हिच्याहून मोठी दुसरी नाही. हिच्या डावीकडे एकपासून नऊपर्यंत कुठलाही अंक लावून बघा, भाग जातोच. सरांनी हे समोर येईल त्याला समजावून सांगितलं होतं, गॅसचा सिलिंडर घेऊन आलेल्या माणसालासुद्धा.

देवयानी आणि तिची मुलगी प्राची घोडबंदर रोडचं घर बंद करून डोंबिवली पूर्वेला आईवडिलांकडे राहायला आल्या, त्या या आजारपणामुळे. नवरा जहाजावर, त्यामुळे घर बंद केल्याचं दुःख कुणालाच नव्हतं. आठवड्यातून दोनदा ऑफिसला जायचं, शीळफाट्याच्या ट्रॅफिकला शिव्या घालायच्या आणि बाकीचे दिवस जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडायचा, असं देवयानीचं चाललं होतं.

मालनचं बोलणं तिला आठवलं ते तीन-चार दिवसांनी, कॅलेंडरची पानं मागे उलटताना. चोवीस, चोवीस, मग तेवीस. महिन्याने बावीस. असं उतरत उतरत आता आठावर आलं होतं. विसरणारा माणूस मधलंच काहीतरी विसरतो, उलटसुलट करतो, एकच गोष्ट दोनदा म्हणतो. सरांचं तसं एकदाही झालं नव्हतं. जायचा तो डावीकडचाच अंक जायचा, आणि उरायची ती प्रत्येक वेळी मूळ संख्या. प्राचीने मोबाइलवर तपासून पाहिलं आणि ती म्हणाली, "आई, हे जाम क्रीपी आहे हां. आजोबा विसरतायत की सोडवतायत?"

"विसरायचं तेही नियमाने," सरांची बायको सुमतीबाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात थोडं कौतुकच होतं. "आयुष्यभर हेच केलं."

दुसऱ्या दिवशी देवयानी मुद्दाम सरांच्या समोर बसली. चहा झाल्यावर सरांनी हात टेबलावर ठेवला. आधी तो डाव्या कडेला रिकाम्या जागेवर थांबला. मग बोटांनी काहीतरी उचलून बाजूला ठेवल्यासारखं केलं आणि हात पुढे सरकला. "सहा, सात, सहा, दोन, नऊ, एक, तीन, सात." प्रत्येक अंकाला हात थोडा थांबत होता. देवयानीला ते बघताना का कोण जाणे बरं वाटलं नाही.

पुढच्या मंगळवारी सहा गेला. सात अंक राहिले. त्या दुपारी कल्याणहून फोन आला की साईनाथकाका, सरांचे चुलतभाऊ, खुर्चीत बसल्या बसल्या गेले. वय चौऱ्याऐंशी. रडारड झाली, पण सगळे मनातून म्हणाले की सुटले. बारा दिवसांनी सकाळी साताचा अंक गेला, आणि कळव्याहून रतनआत्याची बातमी आली ती संध्याकाळचा दिवा लावायच्या आत. तिचंही वय झालं होतं. सरांना दोन्ही वेळा सांगितलं, तर त्यांनी शांतपणे मान हलवली. "हो, उठले ते," एवढंच म्हणाले.

"ताय," मालन भांडी पुसता पुसता म्हणाली, "दोन्ही टायमाला आकडा पडला, त्याच दिशी फोन आला."

"मालन, आईसमोर असलं काही बोलू नकोस."

"मी काय बोलतंय? कॅलेंडरच बोलतंय."

देवयानीने तिला झापलं खरं, पण ती आत गेल्यावर कॅलेंडरवरच्या दोन्ही तारखा जुळवून पाहिल्या.

आत्याच्या दिवसांचं कळवायला नातेवाइकांचे पत्ते हवे होते. ते सरांच्या जुन्या डायरीत असायचे. डायरी अठरा वर्षांपूर्वीची, प्राची दोन वर्षांची होती तेव्हाची. पत्ते शोधताना देवयानीला एक पान सापडलं. वर सरांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: चोवीस अंक लक्षात ठेवण्यासाठी पंगत.

ही सरांची वर्गातली जुनी पद्धत. नुसता आकडा डोक्यात राहत नाही, माणूस राहतो, असं ते मुलांना सांगायचे, आणि प्रत्येक अंकाच्या जागी ओळखीचं माणूस बसवायला लावायचे. स्वतःसाठी त्यांनी अख्ख्या घराण्याची पंगत मांडली होती. मानाप्रमाणे, थोरल्यापासून, आणि आपल्या घरचे सगळ्यात शेवटी. तीनच्या पानावर पणजोबा. पाचाच्या पानावर पणजी. साताच्या पानावर आजोबा. पुढे आजी, काका, मावश्या, आईवडील. सतरावं पान सहाचं, साईनाथ. अठरावं साताचं, रतन. एकोणिसावं पुन्हा सहाचं, विनीत, म्हणजे साईनाथकाकांचा मुलगा. मग दोनाच्या पानावर सुमती, नवाच्या पानावर देवयानीचा दादा सलिल, एकच्या पानावर देवयानी, तीनच्या पानावर प्राची. आणि चोविसावं, साताचं पान: मी. यजमान शेवटी.

खाली बारीक अक्षरात टिपणी होती. "शून्य एकही नाही, म्हणजे पंगतीत रिकामं पान नाही. पहिल्या पानाच्या आधी कुणी बसू शकत नाही. कुणीही उठलं तरी उरलेली पंगत मोडत नाही. जावयांना जागा उरली नाही, क्षमस्व."

एरवी ती शेवटच्या वाक्याला हसली असती. तिने बोट ठेवून मोजलं. पहिली सोळा माणसं तर आजारपणाच्या आधीच गेलेली होती. सरांनी त्यांना दोन वर्षांत एकेक करून आठवणीतून उठवलं, त्याने कुणाचं काही बिघडलं नव्हतं. जिवंत माणसांची पानं सतराव्यापासून सुरू होत होती. सतरावं झालं. अठरावं झालं. एकोणिसावर विनीत होता, एक्कावन्न वर्षांचा, मॅरेथॉन पळणारा, घोडबंदर रोडच्या एका टॉवरमध्ये राहणारा. त्याला फोन करून काय सांगणार? की माझ्या वडिलांना आकडे आठवेनासे झालेत, तू जपून राहा?

तिने फोन केला नाही. त्याऐवजी मालनला बजावलं, "उद्यापासून सरांना संख्या विचारायची नाही."

दुसऱ्या सकाळी कुणीच विचारलं नाही. सर चहा पिऊन पाच मिनिटं वाट बघत बसले, मग स्वतःच हात टेबलावर ठेवून म्हणायला लागले. तिसऱ्या दिवशी देवयानीने टीव्हीवर मोठ्याने भजनं लावली. सरांनी भजन संपेपर्यंत थांबून मग संख्या म्हटली. सहा, दोन, नऊ, एक, तीन, सात. सहा अंक तसेच होते. असे आठ दिवस गेले, आणि देवयानीला वाटायला लागलं की आपण उगाच घाबरलो.

नवव्या दिवशी सरांचा हात डाव्या कडेला थांबला. बोटांनी काहीतरी उचललं, बाजूला ठेवलं. "दोन, नऊ, एक, तीन, सात."

देवयानी तशीच उठून गॅलरीत गेली आणि तिने विनीतला फोन लावला.

"बोल गं, काय म्हणतेस? मी गाडीत आहे, ट्रॅफिकची वाट लागलीये. मेट्रोवाल्यांनी रस्ता खाल्लाय सगळा."

"विनीत, तुला बरं वाटतंय ना?"

"मला? ठणठणीत. काल दहा किलोमीटर पळालोय. का गं?"

"काही नाही. तू आज डॉक्टरकडे जाऊन ईसीजी काढशील? माझ्यासाठी. आत्ताच्या आत्ता."

तो हसला. "बाबा गेल्यापासून तुम्ही सगळ्या घाबरून बसलायत. संध्याकाळी काढतो, ओके? प्रॉमिस."

दुपारी अडीचला त्याच्या बायकोचा फोन आला. ऑफिसात मित्रांबरोबर डबा खाल्ला, हात धुवायला म्हणून उठला, आणि उठता उठता खालीच बसला. हॉस्पिटलपर्यंतसुद्धा पोचला नाही.

विनीतकडून परत आल्यावर देवयानीने पाहिलं, तर सुमतीबाई जमिनीवर पेपर पसरून मेथी निवडत बसल्या होत्या. डोळे रडून सुजलेले, पण हात चालूच होता. माणूस गेलं तरी उरलेल्यांना जेवावं लागतं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. देवयानी त्यांच्या शेजारी बसली आणि काड्या खुडायला लागली. दोनाच्या पानावर आई होती. आईच्या कानामागे केसांची एक बट सुटली होती, ती तिने मागे सारली, आणि तिला इतकं रडू आलं की सुमतीबाईंनी तिलाच जवळ घेतलं. "विनीत तुझ्या बरोबरीचा ना," त्या म्हणाल्या. आपण कुणासाठी रडतोय हे देवयानी त्यांना सांगू शकली नाही.

तिने सलिलला पुण्याला फोन करून सगळं सांगितलं. थोरला भाऊ, सगळ्या गोष्टींना उत्तर असणारा.

"देवू, तू स्टॅटिस्टिक्स घेऊन एम.एस्सी. केलंस," तो म्हणाला. "दोन म्हातारी माणसं आणि एक हार्ट अटॅक. यावरून तू नियम काढणार?"

"पुढची आई आहे, दादा. त्याच्या पुढचा तू."

"शनिवारी सकाळी येतो," तो म्हणाला.

शुक्रवारपर्यंत तिला जे सुचलं ते सगळं तिने केलं. सरांना गेलेला अंक परत शिकवायचा प्रयत्न केला. समोर बसून तिने म्हटलं, "बाबा, माझ्यामागे म्हणा. सहा, दोन, नऊ..."

"सहा उठला, देवू," सर समजावणीच्या सुरात म्हणाले. नाव त्यांना अचूक आठवत होतं. सकाळी खाल्लेला नाश्ता आठवत नव्हता, आपण डोंबिवलीत आहोत हे आठवत नव्हतं, पण पंगतीतल्या माणसांची नावं मात्र त्यांच्या तोंडात पक्की होती. "उष्ट्या पानावर पुन्हा कुणाला वाढतात का?"

"मग पुढचे तरी बसू द्या ना. मधेच उठू नये पंगतीतून, तुम्हीच शिकवलंत आम्हाला."

"मी कुठे उठवतोय? ज्याचं जेवण झालं तो उठतो. यजमानाने फक्त बघायचं, कोण उठलं, कोण राहिलं." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "सगळ्यांचं होईपर्यंत यजमानाला बसावं लागतं."

तेव्हा कुठे तिला त्या पंगतीतलं खरं भय दिसलं. सर शेवटी होते. म्हणजे आई, दादा, आपण आणि प्राचीसुद्धा, सगळे त्यांच्या आधी उठणार, आणि सर साताच्या पानावर एकटे उरणार. सातही मूळ संख्याच. प्राची अंघोळ करून, केसाला टॉवेल गुंडाळून, मोबाइलवर कुणाशी तरी हसत हॉलमधून गेली. वीस वर्षांची पोर.

आणि त्या क्षणी तिच्या मनात तो विचार आला. सर जर आधीच्या पानावर बसले, आईच्याही आधी, तर पहिले तेच उठतील. ते उठले की संख्या म्हणणारं कुणी राहणार नाही. म्हणणारा नाही म्हटल्यावर उठवणारा कोण? बाकीची पंगत आहे तशी बसून राहील.

तिला स्वतःची किळस आली. ज्या बापाने फळ्यासमोर उभं राहून पायाच्या शिरा सुजवल्या आणि आपल्याला शिकवलं, त्याचा जीव ती जागा बदलून मागत होती. दिवसभर ती सरांच्या नजरेला नजर देऊ शकली नाही. ऑफिसच्या मीटिंगमध्ये कुणीतरी तीनदा तिचं नाव घेतलं, तेव्हा कुठे तिने उत्तर दिलं. शुक्रवारी संध्याकाळी चारला सुमतीबाई भाजी आणायला खाली गेल्या, प्राची कॉलेजात होती आणि मालन गच्चीवर कपडे काढत होती. देवयानी सरांच्या समोर खुर्ची ओढून बसली. उद्या सकाळी दोन गेला तर पुन्हा संधी मिळणार नाही, एवढंच तिला दिसत होतं.

"बाबा," ती म्हणाली. "किती वर्षं तुम्हीच वाढताय. आज तुम्ही बसा. मी वाढते."

कुठल्याही घरात पंगत असली की मुली वडिलांना असंच म्हणतात. त्यात नवल काही नाही. सरांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. गेल्या दोन वर्षांत त्यांच्या नजरेत जो धुरळा साठला होता, तो त्या वेळी नव्हता.

"कुठल्या पानावर?" त्यांनी विचारलं.

"दोनाच्या."

"तिथे तुझी आई आहे."

"आई माझ्या पानावर बसेल. एकच्या."

सरांनी मान हलवली. मग ते हसले, खूप दमलेला माणूस घरी पोचल्यावर हसतो तसे. "बरं झालं म्हणालीस. मी कधीपासून वाट बघतोय कुणीतरी म्हणेल म्हणून. यजमानाला आपणहून बसता येत नाही गं. कुणीतरी 'बसा' म्हणावं लागतं."

देवयानीला हुंदका आवरला नाही. तिने त्यांचे दोन्ही हात धरले आणि ती म्हणाली, "बाबा, मला माफ करा." ते तिच्या हातावर थोपटत राहिले, तिचं गणित चुकलं की थोपटायचे तसे.

"पण मग सातावर कोण?" ते एकदम म्हणाले. शिक्षकाचा आवाज. "रिकामं पान ठेवायचं नाही. शेवटच्या पानावर सगळ्यांचा भार असतो. तिथे सम अंक आला तर दोनने भाग गेलाच म्हणून समज."

ती इतकी रडत होती, आणि तिला इतकं लवकर हे संपवायचं होतं, की तिने विचारच केला नाही. आपल्याकडे मुलींना जे बोलायची सवय असते तेच तिच्या तोंडून निघालं. "मी बसते ना शेवटी. तुम्ही सगळे बसा आधी."

"ठरलं तर," सर म्हणाले. त्यांनी हात डावीकडून उजवीकडे फिरवला. "दोनावर मी. नवावर सलिल. एकवर सुमती. तीनवर प्राची. सातावर देवयानी. संख्या तीच, माणसं तेवढी हलली." मग ते खुर्चीत मागे रेलले आणि त्यांना लगेच झोप लागली.

शनिवारी सलिल पहाटेच्या गाडीने निघून साडेआठला पोचला. येताना त्याने स्टेशनजवळून गरम वडे आणले होते. सगळे टेबलाभोवती बसले. फार दिवसांनी घर भरलं होतं, म्हणून सुमतीबाईंनी चांगले कप काढले. सर दाढी करून, धुतलेला सदरा घालून बसले होते. त्यांनी सलिलला ओळखलं, पुण्यात पाणी येतं का म्हणून विचारलं, वडा अर्धा करून प्राचीच्या बशीत ठेवला. सलिलने देवयानीकडे बघून भुवया उंचावल्या, म्हणजे हे बघ, किती छान आहेत. देवयानीने मान खाली घातली. आज सर म्हणतील आणि दोन जाईल, एवढंच तिला माहीत होतं, आणि ते थांबवायला ती जागची हलणार नव्हती.

मालनने अंबाड्यातली पेन्सिल काढली. विचारायचं नाही म्हणून बजावलेलं ती केव्हाच विसरली होती. "सर, आजचा आकडा?"

सरांनी कपावरून तिच्याकडे पाहिलं. "मला कशाला विचारतेस? मी पानावर बसलोय," ते म्हणाले. "यजमानाला विचार."

सगळ्यांनी देवयानीकडे पाहिलं.

तिला एकदम सगळं कळलं. पंगत सरांची नव्हती, यजमानाची होती, आणि ती जागा काल तिने आपण होऊन मागून घेतली होती. संख्या म्हणणारं माणूस बदललं, इतकंच झालं होतं. सातावर आता ती होती, आणि आई, दादा, प्राची, सगळे तिच्या आधी. तिने ओठ घट्ट मिटले. मेले तरी म्हणणार नाही, असं तिने ठरवलं. पण तिचा उजवा हात टेबलावर आला होता, तिने आणला नव्हता. डाव्या कडेला तो थांबला. बोटांना काहीतरी ओलसर लागलं, आणि ते उचलून त्यांनी बाजूला ठेवलं. नवाच्या आधी काय होतं? कालपर्यंत होतं. आपणच नाव घेऊन बाबांना तिथे बसवलं होतं. ती जिवाच्या आकांताने तो एक अंक आठवायला गेली, आणि तिथे काहीच नव्हतं.

"नऊ," ती म्हणाली. "एक. तीन. सात."

मालनने कॅलेंडरवर चार लिहिलं.

सरांनी डोळे मिटून मनातल्या मनात भागून पाहिलं. वर्गात एखाद्या मुलीचं उत्तर तपासायचे तसे, घाई न करता. "बरोबर आहे," ते म्हणाले. "मूळच आहे." मग त्यांनी कप बशीत नीट ठेवला, टेबलाला धरून ते उभे राहिले, आणि अजून खात बसलेल्या बायकोकडे, मुलाकडे, नातीकडे, सगळ्यात शेवटी देवयानीकडे बघून, पंगतीतून आधी उठणारा माणूस रीतीप्रमाणे म्हणतो तसं म्हणाले, "सावकाश होऊ द्या."